एकवीस दिवसांची पावती

गया, तू फोनवर विचारलंस तसं
आजवर कुणी विचारलं नाही मला.
विचारतात ते सरांना.
मी बाटल्या धुणारा.

शिबिर चांगलं का वाईट
ते कागदावर छापलंय, गुळगुळीत कागद आहे.
पांढऱ्या कोटातली लेकरं हसायलेत त्यावर,
त्यातलं एकबी लातूरचं नाही.
खाली बारीक अक्षरात :
साडेसात हजार. जेवण वेगळं.

मी सांगतो ते बघितलेलं.

पहिल्या दिवशी सगळे ब्युरेट धरतात
दुसऱ्याचं तान्हं लेकरू धरावं तसं.
सर म्हणतात, तीनदा खळबळून घ्या.
गेल्या मे महिन्यात जळकोटची एक पोरगी थांबली.
तीनदा?
आमच्याकडं टँकर बुधवारी येतो, म्हणाली.
सर गप.
मी टेबलाखालून बादली सरकवली.
ते पाणी रोज मागच्या कडुनिंबाला गेलं.
यंदा त्याला निंबोळ्या जास्त आल्या
असं मला वाटतं. मोजल्या नाहीत.

औसा रोडचा एक होता, ट्यूशनमध्ये मुरलेला.
थेंब पडायच्या आधी त्यानं वहीत आकडा लिहिला,
दहा पूर्णांक दोन.
बाकीच्यांचं येत होतं दहा पूर्णांक सहा,
कारण सकाळी द्रावण माझ्याच हातून
जरा पातळ झालं होतं.
तो खोडरबर शोधत बसला,
मग खोडलं नाही, नुसता बघत राहिला नळीकडं.
त्याला एकवीस दिवसांत काय मिळालं?
एक चूक मिळाली.
साडेसात हजारात महाग का स्वस्त,
मला सांगता येत नाही.

मन्मथ स्वामी, उदगीरचा.
वासानं त्याचं डोकं उठायचं,
तिसऱ्या दिवसापासून माझ्याजवळ स्टुलावर.
कोपऱ्यातला मोडका तराजू सुटा केला,
चिमट्यानं, हळूहळू, जेवायचं विसरून.
घरी जाऊन म्हणाला, मला सायन्स नको.
बापानं दोन महिने बोलणं टाकलं.
आता आडत बाजारात वजनकाटे दुरुस्त करतो.
बाप म्हणतो, शिबिरानं पोरगं वाया घातलं.
मन्मथ म्हणतो, दोन वर्षं वाचली.
दिवाळीला फराळ दोघंही पाठवतात,
वेगवेगळ्या डब्यात.

सर्टिफिकेटचं विचारलंस.
जूनमध्ये ॲडमिशनच्या खिडकीशी मलाच उभं करतात.
मार्कमेमो वर, टीसी खाली,
जातीचा दाखला, त्याच्या दोन झेरॉक्स.
आणि लॅमिनेशन केलेलं ते :
क्लार्क बघतबी नाही, परत देतो,
हे घरी ठेवा म्हणतो.
लेकरं ते परत पिशवीत घालतात
घडी पडू नये असं, जपून.

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही.
संध्याकाळी सगळे गेले की
कुलूप लावायच्या आधी
उरलेलं द्रावण घेऊन मी एकदा करून बघतो.
बावीस वर्षं झाली. आठवी नापास मी.
थेंब, थेंब, काहीच नाही,
मग एका थेंबाला
खालच्या पांढऱ्या फरशीवर गुलाबी उठतं,
फिक्कं, आलं का नाही असं.
तेवढ्या वेळात
कुणी हाक मारू नये वाटतं मला.

आम्रपालीला गिरणीवर
सकाळपासून किती हाका येतात,
एक दिवस मोज.

भिशीचे पैसे तुझे, गया.
मी हो म्हणलं असं दाजींना सांगू नको.
पाठवलंसच तर अंगात जुना सुती शर्ट दे,
नवा नको.
ॲसिडनं बारीक भोकं पडतात,
त्या दिवशी दिसत नाहीत,
धुतल्यावर दिसतात.
आणि पाण्याची बाटली, मोठी.