विधानपूरक

पाचवीला आज सांगितलं,
काही क्रियापदांना नुसता कर्ता पुरत नाही.
'बिष्णूचा भाऊ झाला.'
झाला? काय झाला?
'पोलीस,' बिष्णू म्हणाला.
'वॉचमन,' पंकज पासवान म्हणाला.
दोघांनाही बरोबरची खूण दिली.
जो शब्द नसला की वाक्य लंगडतं
त्याला म्हणायचं विधानपूरक.

मधल्या सुट्टीत उपाध्येबाईंनी
भडंगाचा डबा सरकवला माझ्यापुढं.
किती स्वच्छ बोलता हो मराठी तुम्ही,
वाटत नाही.

मी भडंग घेतलं, आधी शेंगदाणे वेचून.
चौदा वर्षं झाली या शाळेत,
'वाटत नाही'च्या अलीकडची रिकामी जागा
भरतेय मनातल्या मनात, लाल शाईनं.

सुरुवातीला आडनावावर निभावतं.
जाधव. वा! जाधव म्हणजे कुठले?
तासगावकडचे.
तसं नाही हो, म्हणजे... कुठले?
या 'कुठले'ला एसटी जात नाही.
मग कुणी जाणकार कुणाच्या तरी कानाला लागतो
आणि दुसऱ्या दिवसापासून
कपाटाच्या किल्ल्या मोजून घेतल्या जातात.
कुणी काही म्हणत नाही.
मोजतात फक्त.

आई मार्केट यार्डात दुरड्या विकायची,
हळदीच्या पेढ्यांवर.
तुरकाट्या भिजवून बोटं कायम फुगलेली.
प्लास्टिकचे क्रेट आले, ती घरी बसली,
हात मात्र बसेनात;
टीव्हीसमोर हवेतच काहीतरी विणत राहायची.
मी नोकरीला लागले तेव्हा म्हणाली,
तिथं आपली बोली काढू नको.
हेही म्हणाली आपल्याच बोलीत.

वर्गाच्या भिंतीवर पुराची रेघ आहे.
रंगाचे दोन हात दिले तरी वर येते.
पोरं तिच्याशी उंची मोजतात,
सानिया मुजावर यंदा दोन बोटं वर गेली.
रेघेच्या खाली, कोपऱ्यात, दुर्गी माने.
जूनपासून एक शब्द नाही,
हजेरीला नुसती मान.

चौथ्या तासाला ती उठली,
रिकामी बाटली पोटाशी धरून म्हणाली,
तन्नी.

वर्ग फिस्सकन हसला.
बाई, ही काय म्हणतीय? भीमाप्पानं विचारलं.
तोवर माझ्या तोंडानं, मला न विचारता,
तिला सांगूनही टाकलं होतं
डावीकडचा नळ चालू आहे, घे भरून,
तिच्या बोलीत.
आईच्या.

पंख्याचा कुरकुर आवाज तेवढा.
मग सानिया, हळूच:
बाई, तुम्ही पण?

अर्धंच वाक्य. पूर्ण कर म्हणाले नाही.
हो म्हणाले,
आणि खडू शोधत बसले, हातातच असलेला.

दुपारी ऑफिसातून निरोप आला,
ऑनलाइन माहितीत दुर्गी मानेची मातृभाषा काय टाकू?
यादीत सापडत नाही. 'इतर' करू का?
करा, म्हणाले. आणि शेजारी कागदावर लिहून ठेवा.
कैकाडी. क वर दोन मात्रा.
क्लार्कनं लिहिलं. एकच मात्रा दिली.
थांबले. दुसरी देऊन घेतली.
माझ्या सेवापुस्तकात, आठवलं मग,
तिथं मीच मराठी लिहिलंय, सुवाच्य अक्षरात.

शाळा सुटल्यावर किल्ल्या परत केल्या.
उपाध्येबाईंचा हात पुढं आला
त्याच्या आत मीच मोजू लागले,
मोठ्यानं, एकेक.
पाच किल्ल्या. मराठीत नाही मोजल्या.
त्या म्हणाल्या, हे काय?
मी म्हटलं, पाच.