दर्शनी फळा

माझं अक्षर बरं म्हणून
गेली चौदा वर्षं दर्शनी फळा माझ्याकडं.
शाळा सुटली, कोळपमामांनी रिक्षात
शेवटची सात पोरं कोंबून नेली,
की मी ओल्या फडक्यानं कालचा सुविचार पुसते
आणि पुढचा आठवडा मांडायला घेते.

सोमवार. दातांची तपासणी.
पडलेले दात सोबत आणू नयेत,
हे फळ्यावर लिहायचं नसतं.
पण गेल्या साली पहिलीतली सन्मती मगदूम
काडेपेटीत तीन घेऊन आली होती,
आणि डॉक्टरांनी ते खरंच मोजले.

बुधवार. पालकसभा, दुपारी चार.
चार लिहिलं की लोक पाचला येतात.
मार्केट यार्डातले बाप येतात
हळदीनं पिवळ्या झालेल्या नखांचे.
प्रगतिपुस्तकावर सही करतात
आणि सहीशेजारी एक पिवळं बोट राहून जातं.
दहा वर्षांपूर्वीच्या पुस्तकांतली शाई विटली,
बोटं आहेत तशी.

शुक्रवार. नाताळच्या नाटकाची तालीम.
मरिया झालीय अल्फिया शिकलगार, चौथी ब.
तिची आजी म्हणाली, आमच्यातबी मरियम हायच की,
ओढणी तेवढी घरची घेऊ द्या.
योसेफ तिच्या खांद्याला लागतो.
तीन राजांतल्या एकाला कांजिण्या.
मेंढरं अकरा,
कारण सिस्टर ब्रिजिट कुणाला नाही म्हणत नाहीत.
सिस्टर मूळच्या वसईच्या. एवढी वर्षं सांगलीत काढली,
अजून भडंग खाताना ठसका लागतो,
अजून पुडी संपवूनच पाणी पितात.

शनिवार. रंगकाम.

इथं खडू थांबतो.
दुसरीच्या वर्गाबाहेर भिंतीवर ती रेघ आहे,
मातकट, एका पातळीतली.
पाणी उतरलं तेव्हा बाकांवर घोटाभर गाळ होता,
हजेरीपट फुगून पावासारखे झाले होते,
घंटा तेवढी उंच टांगलेली म्हणून कोरडी.
तालमीतले पैलवान आले,
एकेका काखेत एकेक बाक घेऊन नळावर गेले.
मशिदीतून खराटे आले, बस्तीतून जेवण.
चौथ्या दिवशी सिस्टरांनी घंटा दिली
तेव्हा वर्गात पोरं नव्हतीच,
आम्ही मोठी माणसंच उभी राहिलो रांगेत.

तेव्हापासून शाळेत दोन जाती:
रेघेखालची आणि रेघेवरची.
चौथी सोडताना डोकं वर निघालं नाही
तर प्रज्योत कांबळे टाचा उचलतो,
आणि सगळा वर्ग त्याच्या टाचांकडं बघतो.

मुजावर पेंटर, आमच्याच रुबीनाचे वडील,
गेल्या सभेत विचारत होते,
बाई, रेघ ठेवायची का घालवायची?
फादर म्हणाले, सणाला बिशप येणार,
भिंती स्वच्छ दिसाव्यात.
कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही.
चहा आला. विषय चहात गेला.

परवा पहिलीतल्या एकानं विचारलं,
बाई, ही कुणी मारलीय?
त्याचा तेव्हा जन्म नव्हता.
म्हटलं, नदीनं.
तो जरा वेळ भिंतीजवळ उभा राहिला,
रेघेवरून बोट फिरवत दारापर्यंत गेला, परत आला.
म्हणाला,
पट्टी घेऊन?

हे मी सिस्टरांना सांगितलं.
त्या हसल्या, मग चष्मा काढून पुसत बसल्या.
उठल्या, चपला काढल्या,
भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.
रेघ त्यांच्या हनुवटीला.
वहीत लिहा बाई, म्हणाल्या,
आकडा लिहा, तारीख लिहा.
रंगाचं मग बघू.

म्हणून आता फळ्याकडं परत आले.
बुधवार आणि शुक्रवारच्या मधे
फार जागा सोडली नव्हती मी,
अक्षर बारीक येतंय, तिरकं जातंय:
गुरुवार. सर्वांची उंची मोजणे. दुसरीच्या भिंतीपाशी.
टाचा टेकवून.