भाड्याचे बूट

शारजा, इंडस्ट्रियल एरिया.
बाहेर सेहेचाळीस, आत उणे बावीस,
मधे एक जाडजूड दार
आणि दारावर थंपीसाहेबांची सही.

गेल्या रमजानपासून तीन नंबरच्या खोलीत
पाइप ठिबकत होता.
मासळीची खोकी येत राहिली, जात राहिली,
ठिबक तेवढी थांबून राहिली, थेंबावर थेंब,
आणि एके दिवशी पाहतो तर
पाच पुरुष उंच, निळसर, सुरकुतलेलं
काहीतरी भिंतीला टेकून उभं.
माझ्याकडे त्याला शब्द नाही.
मिङ्माकडे होता. त्याने सांगितला.
माझ्या जिभेवर तो बसला नाही.

शुक्रवारपर्यंत काढा, साहेब म्हणाले.
पुढे रॅक, शिडी टेकायला जागा नाही,
खालून फोडावं तर सगळं डोक्यावर.
म्हणजे वरून. म्हणजे चढून.

बूट मॉलचे.
तिथल्या बर्फाच्या उतारावरून
घसरण्यासाठी ते तासावर मिळतात.
भंगारात वीस दिरहमला एक, दोन घेतले:
डावा लाल, चारशे सतराचा,
उजवा करडा, त्याचा नंबर खरवडलेला.
कुण्या पोराने टाचेवर
च्युइंगम चिकटवून ठेवलेलं.
गुलरेजने सळईचे तुकडे घासून टोकं काढली,
पट्टीला डाग दिला,
ट्रकच्या बेल्टने आवळून बांधलं.
मग मागे सरून बघत म्हणाला,
पडलास तर माझं नाव घेऊ नकोस.

मी अकोल्याकडचा, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाचा.
कड्यात अडकलेली शेळी उतरवायला
दहाव्या वर्षी गेलो, अनवाणी.
अंगठा आधी दगडाला विचारायचा,
दगड हो म्हणाला की मग मी.
शेळी चढताना गप्प असते,
ओरडते ती उतरताना.

आता या प्लॅस्टिकात पाय बहिरा.
घोटा वळत नाही,
नडगी पुढे रेटलेली, सतत,
जणू कुणासमोर वाकूनच उभं राहायचं आहे.
पहिली लाथ मारली. टोक रुतलं की नाही
ते पायाला कळेना,
कानाला कळलं: खण् नाही, थप्प.
थप्प म्हणजे धरलं.
मिङ्मा खालून ओरडला, वरचे दोन बक्कल सोड!
सोडले. पायाला थोडी माणुसकी आली.

आणि खरं सांगू?
ते बूट चांगले निघाले.
पोटऱ्या भरून यायच्या त्या आल्या नाहीत.
सगळं वजन त्या कडक तळव्याने
मुकाट उचललं.
उतरण्यासाठी घडवलेली वस्तू,
चढायला अशी लागू पडेल
असं तिच्या कारखान्यात कुणाला वाटलं असेल?

वर पोहोचलो. पाइपाचा सांधा
नखाएवढा फाटलेला.
एवढ्याशा फटीतून
एवढं सगळं.
हात लावला, हातमोजा चिकटला.
तिथेच थोडा वेळ राहिलो.
खाली दोघांची तोंडं वर, वाफ सोडत,
आणि मला उगाच वाटलं
की मी इथे कुणाला तरी घ्यायला आलोय.

मग कुऱ्हाड. वरून खाली.
तुकडे ट्रॉलीत, ट्रॉली दाराबाहेर,
दाराबाहेर ऊन.
चहा संपेपर्यंत फक्त ओल,
मग ओलही नाही.
गुलरेजने एक खडा बाटलीत टाकला,
प्यायला, थुंकला.
अमोनिया, म्हणाला.

उतरताना मात्र बूट अडाणी.
टाच खाली टेकू देईनात.
मिङ्माने दोर सोडत सोडत
गोणीसारखा खाली घेतला मला,
आणि मी ओरडलो, थोडासा.

करडा निघाला. लाल निघेना,
बक्कल गोठून बसलेलं.
थंपीसाहेबांनी सही केली, वेळ टाकली,
पायाकडे पाहिलं, काही बोलले नाहीत.
तसाच गेलो खोलीवर,
एका पायात चप्पल, एका पायात चारशे सतरा,
टक्, फट्, टक्, फट्,
तापलेल्या रस्त्यावरून.
कॅम्पच्या मांजरीने एक डोळा उघडला.