गिंदाहून परत

पहाटे साडेपाचला अस्मारात अशी थंडी असते
की ब्रेकवरची बोटं आपली वाटत नाहीत.
पेट्रोलपंपाच्या भिंतीशी आम्ही सातजण
जर्सीखाली वर्तमानपत्राची पानं कोंबतो.
उतारावरचा वारा बातम्या वाचत नाही,
पण त्यांना घाबरतो,
असं ओक्बाझगी म्हणतो.

ओक्बाझगी शिंपी. वय बासष्ट.
लग्नाचे सूट शिवतो,
आणि पंक्चर झालेले ट्यूब्युलर टायर उसवून,
आतल्या ट्यूबला ठिगळ लावून पुन्हा टाके घालतो,
कुठल्या नवरदेवाच्या कोटाला नसतील इतके बारीक.
त्याची सायकल स्टीलची. कुठल्या कंपनीची
ते तीनदा रंगवल्यावर कुणालाच सांगता येत नाही.
माझी कार्बनची, चुलतभावानं स्टॉकहोमहून पाठवलेली.
पहिल्या दिवशी त्यानं ती दोन बोटांनी उचलली,
खाली ठेवली,
म्हणाला, "बरी आहे. आता तू हलका हो."

बाकी सगळं त्यानंच शिकवलं.
पुढच्याच्या चाकाकडे नाही, कमरेकडे बघ.
आघाडीवर आलास म्हणून वेग वाढवू नकोस,
तिथे तुझा सत्कार नाही, फक्त तुझी पाळी आहे.
थुंकायचं तर शेपटाला जा.
आणि खड्डा दिसला की हात खाली सोड, बोट दाखव,
मागच्याला तुझी पाठ सोडून
दुसरा रस्ता दिसत नसतो.

नेफासितपर्यंत ढगातूनच उतरलो.
वळणावळणाच्या कठड्यांवर बबून,
शर्यतीचे पंच बसावेत तसे, खाजवत.
रूळ आडवे आले तिथे सातही जण
एकदमच खोगिरावरून उठलो,
एकदमच बसलो.
निवडुंगाची बोंडं विकणारी पोरं ओरडली
ते शब्द कानात शिरायच्या आत मागे पडले.

गिंदात ऊन.
घामानं लगदा झालेल्या बातम्या पोटावरून सोलून काढल्या.
संत्री, गोडमिट्ट चहा,
कुणाच्यातरी गुडघ्याची चौकशी.

आणि मग वर.
सत्तेचाळीस किलोमीटर. वरच.

ओक्बाझगीच्या चेनला एक कडी परकी आहे,
दर फेऱ्याला ती टिक करते.
आम्हाला तिची इतकी सवय
की ती ऐकू येते ती थांबल्यावरच.
शेवटच्या चढाच्या अलीकडे ती थांबली.
कुणी मागे वळून पाहिलं नाही.
कुणी काही बोललं नाही.
आघाडीला सेनाइत होती, नर्सिंगची विद्यार्थिनी,
चढावर आमच्यातल्या कुणाला न आवरणारी.
तिनं हात वर केला, बाजूला घेतलं:
"माझी चेन उतरली."

चेन जागेवर होती. लखलखत होती.
आम्ही पाचजण तिच्याभोवती ओणवे झालो,
ऑपरेशन चाललंय अशा गंभीर चेहऱ्यांनी.

मी तेवढा खालच्या वळणाकडे पाहत होतो.
तो आला.
खांदे डुलत, तोंड उघडं,
मागे नेफासितपर्यंत रिकामा रस्ता,
एक बकरीसुद्धा नाही.
आणि खड्ड्याशी आला तेव्हा
त्याचा हात खाली गेला,
बोट दाखवून
परत हँडलवर आला.

पोचल्यावर त्यानं पायडल एकदा फिरवलं.
"उतरली?"
"हो."
खिशातून चिंधी काढून
त्यानं ती स्वच्छ चेन कडी-कडी करून पुसली,
निगुतीनं, वेळ घेत,
श्वास जागेवर येईपर्यंत.
"आता नाही उतरायची," म्हणाला,
आणि आमच्या पुढे निघाला.
शहर येईपर्यंत कुणी त्याला ओलांडलं नाही.
टिक. टिक.

कॅफेत सगळ्यांनी कपांना हात लावले
तेव्हा त्यानं एकेकाची बोटं पाहिली.
काळी फक्त त्याचीच होती.
मॅकियाटोचे पैसे त्यानं दिले, सातही जणांचे,
आणि सेनाइतला म्हणाला,
"पुढच्या रविवारी
जरा वेगळं काहीतरी मोडू दे."