उजवा खालचा कोपरा

प्रत्येक नकाशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात
तीन चौकोन असतात.
रेखाटन. तपासणी. मंजुरी.
सहा वर्षांपूर्वी हिंगण्याच्या त्या कंपनीसाठी
कळमन्याचं शीतगृह काढलं,
तेव्हा तिसऱ्या चौकोनात मी होतो, दि. प.
पहिल्यात तेजल हेडाऊ,
पॉलिटेक्निकमधून नुकतीच निघालेली,
पंखा लावला की कागद उडू नये म्हणून
स्टेपलर, टेप, स्वतःचा डबा,
हाताला येईल ते ठेवायची.

आज तिचाच फोन.
"सर, राग नका मानू."
मे महिन्यात दुपारी दोन वाजता
नागपुरात कोणी कोणाला फोन करत नाही.
केला, तर कोणीतरी गेलेलं असतं
किंवा करणाऱ्याला अवघड झालेलं असतं.
नवी चार शीतगृहं आहेत, म्हणाली,
डिझाइन आता पुण्याहून येतं,
मंजुरी माझ्याकडे,
तुम्ही फक्त रेखाटन. तासावर.
'फक्त' तिने इतक्या हळू ठेवला
जसा आजाऱ्याच्या उशाशी पेला ठेवतात.

मी म्हटलं, सांगतो.

मग कूलरच्या टाकीत पाईप सोडून बसलो.
टाकी भरेपर्यंत माणसाला कोणी काही विचारत नाही.
एप्रिलपासून तीन कामं. त्यातलं एक मंगल कार्यालय,
पैसे लग्नसराई संपल्यावर, असं मालक म्हणतो,
आणि लग्नसराई काही संपत नाही.
निखारे म्हणतो, एकदा खाली बसलास
की लोक खुर्ची उचलून नेतात.
खरं असेल.
बर्डीवरची त्याची खुर्ची मात्र
तो उभा असतानाच गेली.

"काऊन जी, तोंड काऊन उतरलं?"
कुंदा संध्याकाळचे डबे भरत होती.
सांगितलं.
पोळी उलटवत, माझ्याकडे न बघता ती बोलली :
"रेशीमबागचे ते दोघं पूरा डबा नेत होते.
आता नुसत्या पोळ्या नेतात, भाजी घरी करतात.
मी का त्याहीले पोळी कच्ची देतो?
अन् पोळीचा भाव का कमी करतो?"

रात्री फाईल उघडली,
नुसती बघायला, असं स्वतःला सांगून.
पुण्याहून आलेलं, नाव बदललेलं,
पण माझंच शीतगृह.
दारांची उंची माझी, रॅम्पचा वळसा माझा,
आणि धुण्याच्या पाण्याची नाली,
तीही माझी,
उतार उलटा.

हे मला फरशी बसल्यावर कळलं होतं.
हमालाने पायानेच दाखवलं,
साहेब, पाणी तर आतच येते.
एक खड्डा खणला, एक पंप बसवला, भागलं.
नकाशात कोणी काही बदललं नाही.
मीही नाही.
मंजुरीच्या चौकोनातून उतरून
दुसऱ्यापर्यंत यायला दोन सेंटीमीटर लागतात.
मला तेव्हा ते जमले नाहीत.

पहाटे उतार फिरवला, शंभराला एक.
सुधारणेच्या रकान्यात लिहिलं :
नालीचा उतार उलटा होता, मूळ नकाशापासून.
'मूळ' दोनदा खोडला.
दोनदा परत लिहिला.

सकाळी तेजलला म्हटलं,
चौकोन कुठलाही दे, दर जुनाच.
ती गप्प. मागे तिचा पंखा फिरत होता.
"सर, दर माझ्या हातात नाही."
मग कोणाच्या?
तिने वरचं एक नाव घेतलं,
त्या नावालाही बहुतेक
वर कोणाला तरी विचारावं लागतं.
"विचारून सांगते."

फाईल मी आधीच पाठवली होती.
हे शहाणपण होतं की नाही,
निखारेला विचारणार नाही.

"अहो, पाईप!"
टाकी भरून वाहतेय,
आणि पाणी, कोणाला न विचारता,
बरोबर मोरीकडे चाललंय.