वय

सिन्नरच्या त्या पत्र्याखाली
आम्ही छत्तीस बायका. पोरं धरली तर पन्नासाच्या वर.
मांडीवर सूप, सुपात टेंभुर्णीची ओली पानं,
आणि मधे खोक्यावर झुंबरमास्तर.
त्यांना मालकानंच ठेवलेलं, वाचायला;
बायका बोलत बसल्या की विड्या कमी भरतात म्हणून.

रोज पोथी असायची. त्या दिवशी पत्र.
मास्तरांचा पुतण्या अमेरिकेत गेलेला, शेतकी शिकायला.
कागद घडीवर फाटलेला,
दोन्ही तुकडे धरून मास्तर वाचत होते:

इथं एक बाई गिरणीच्या दारात वही घेऊन उभी राहते,
पोरांना वय विचारते.
मुकादम म्हणतो चौदा. पोर म्हणतं चौदा.
बाई म्हणते, तोंड उघड. दात बघते.
चौदाच्या आतलं निघालं तर घरी पाठवते.

'आणि घरी खायला कोण घालतं? ती बाई?'
चांगुणानं विचारलं, कात्री न थांबवता.

पत्रात त्याचं उत्तर नव्हतं.
पुढं होतं, की बायका मत मागत रस्त्यानं चालतात,
हजारोंनी, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत.
परटाची सखू म्हणाली, 'एवढं पांढरं धुतं कोण?'
तेव्हा मात्र मालकसुद्धा हसला.

मग मास्तरांचा आवाज खाली गेला.
परवा न्हाव्यानं मला खुर्चीवरून उठवलं, काका.
म्हणाला, तुझ्या रंगाचे केस इथं कापत नाहीत.

पत्र्याच्या बाहेर, उन्हात,
तिच्यासाठी ठरलेल्या जागी बसून
महारवाड्यातली रखमा पानं भिजवायची.
ती तिथूनच म्हणाली,
'म्हंजे न्हावी तितंबी हाय.'

कात्र्या थांबल्या. एवढंच आठवतं.
मास्तरांच्या घशाला कोरड पडली, ते उठले.
रखमाचं मडकं दोन पावलांवर होतं,
आमचा माठ पार भिंतीपाशी.
मास्तर भिंतीपर्यंत गेले.

परत आले ते पोथीच्या पिशवीतून वही काढत.
एकेका पोराला पुढं बोलावलं: वय?
पोरांनी आयांकडं बघितलं,
आयांनी एकमेकींकडं.
हा प्लेगातला. ही प्लेगानंतरची.
हा, म्हैस मेली त्या साली.
माझी आई म्हणाली, गोंदेश्वरामागची चिंच पडली ना, तवा.
चिंच कधी पडली ते कुणाला ठाऊक?

मास्तर म्हणाले, तोंड उघड.
माझ्या जिभेवर तंबाखूची धूळ होती.
त्यांनी बघितलं, जरा थांबले, नऊ लिहिलं.

वही पुढं कुठं गेली नाही.
संध्याकाळी मालकानं मागच्या कोऱ्या पानांवर
सुतळीचा हिशेब मांडला,
आणि दुसऱ्या दिवशी पोथी जिथं राहिली तिथून सुरू झाली.

पण मी त्या नवात एकेक मिळवत आले.
परवा दवाखान्यात पोरीनं वय विचारलं,
मी झटकन सांगितलं.
रखमाचा पोरगा माझ्याएवढाच होता, डोकीनं थोडा उंच.
उन्हात बसून त्यानंही
तोंड उघडून ठेवलं होतं बराच वेळ.