राख

भट्टी साडेपाचशेवर गेली की
खोलीत आधी भाताचा वास येतो,
मग भात करपल्याचा,
मग कसलाच नाही.
सकाळी बशीत उरते चिमूटभर पांढुरकी राख.
ती वाचायचा मला पगार मिळतो.

नमुना क्रमांक एकेचाळीस.
येळ्ळूर, राजहंसगडाखालची खाचरं,
शेतकरी भावकाण्णा हलगेकर.
फॉर्म कन्नडात. शिवलीला मॅडम 'सतु' म्हणतात, मी जस्त,
त्या 'कब्बिण', मी लोह.
यंत्र आपली निळी ज्योत पेटवून
दोघांना एकच आकडा दाखवतं
आणि तो कमी असतो.

कपाटात मागं एक बाटली सापडली.
मेणानं बंद केलेलं बूच, शाईची चिठ्ठी :
येळ्ळूर बासमती, चौऱ्याहत्तर साल.
लिहिणारा कोण, रजिस्टरात नाही.
त्यातले वीस ग्रॅम मी जाळले
आणि उगाच दोनदा हात धुतले.
राख जास्त निघाली.

एका बाटलीवर मी साक्ष देणार नाही.
बियाणं बदललं असेल, खत, पाट,
तेव्हाचं शेणसुद्धा वेगळं.
पण हवेचा आकडा मला पाठ आहे :
कर्बवायू तेव्हा दहा लाखांत तीनशे तीस,
आता चारशे वीसच्या वर.

भावकाण्णा आला, चपला दाराबाहेर काढून.
"काय करूलास रे, माझं भात जाळून?"
मी स्टूल पुढं केलं.
पानाला बारीक तोंडं असतात, काका.
हवेतलं खाणं आता इतकं आयतं मिळतं
की ती पुरती उघडतच नाहीत.
पानातून पाणी कमी उडतं,
म्हणून मूळही कमी ओढतं,
आणि पाण्याबरोबर वर यायचं ते लोह, ते जस्त
चिखलातच राहतं,
जांबोटीची शेवटची बस चुकल्यागत.

"मग दाणा भरतो कशानं?"
पिठानं.

तो जरा वेळ बशीकडं बघत राहिला.
"म्हणजे लग्नघरातलं पोर.
येता-जाता लाडू खाऊन पोट भरलेलं,
पंगतीला बसतच नाही."

दोन वर्षं मी हे वाक्य शोधत होतो.

यंदा त्याचं भात एकरी दोन पोती जास्त उतरलंय.
काट्याची पावती खिशातून काढून
त्यानं माझ्या टेबलावर सरळ केली.
"वजनात खोट नाही न्हवं?"
नाही. वजनात नाही.

उठता उठता म्हणाला,
आमची सून अथणीकडची,
भाताला हात लावत नाही, तिला ज्वारीच लागते.
मी म्हटलं, ज्वारीच्या पानाची घडणच निराळी,
हवा बदलली तरी तिचं फारसं बिघडत नाही.
"हे तिला सांगू नको," तो म्हणाला,
"डोक्यावर बसेल."

जाताना कापडी पिशवी ठेवून गेला.
नवा तांदूळ, गाठ मारलेला.
"हा जाळू नको. हा खायचा."

रात्री शिजवला.
जिन्यावरून शेजारच्या नाझनीनभाभींनी विचारलं,
बासमती का?
वासात काही कमी नव्हतं.
वासाला आमच्या फॉर्मात रकाना नाही.

मी मीठ घेतलं, तूप घेतलं,
आणि पोट भरल्यावरही
आणखी एकदा वाढून घेतला.